कुलपातला हातपंप

मी हातपंप बोलतोय. खरं तर हातपंपानं पाण्यानं बोलावं, पण माझा दांडा साखळीनं माझ्याच अंगाशी आवळून टाकलाय. साखळीला कुलूप आहे, आणि किल्ली समोरच्या घरात खिळ्याला लटकते. कुत्र्यालाही साखळीनं बांधतात, पण त्याला निदान दोन वेळा खायला घालतात आणि भुंकायला तरी मोकळीक देतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, लांब दांडा आणि पोटात चामड्याची एक गोल वाटी. तिला वायसर म्हणतात. माझा सगळा जीव त्या वायसरात. तो ओला असला की फुगतो, नळीला घट्ट बसतो आणि पाणी वर ओढतो. कोरडा पडला की आक्रसतो, तडकतो, आणि मग मी म्हणजे नुसता खांब.

मला इथे आणलं शहरातल्या इंजिनिअर मंडळींनी. नोकरीतून सुट्टी काढून, पदरमोड करून, पाण्याचे हाल असलेल्या वस्त्यांवर सोय करून देणारी ही माणसं. त्यांची म्होरकी एक चष्मेवाली बाई होती. चिखलात गुडघे टेकून काम करायची आणि एकच गोष्ट न कंटाळता दोनदा सांगायची. चामड्याचा वायसर तिनंच निवडला होता, कारण तो जुन्या चपलेतूनसुद्धा कापता येतो. वस्तीच्या पाणी समितीच्या अध्यक्षांना तिनं तो कापायला शिकवलं.

या अध्यक्षांची बहीण चढावरच्या वस्तीत दिलेली. वर बोअर नाही, विहीर नाही, आहे तो चढाच्या पायथ्याचा ओढा, आणि त्यात गुरं डुंबतात. तिच्या लहानग्या मुलीचं पोट कायम बिघडलेलं असायचं. मी सुरू झालो तशी ती रोज कळशी घेऊन चढ उतरून यायची. माझं पाणी पिऊन पोरीच्या गालांवर मांस चढलं. हे सांगताना माझी छाती अजूनही फुगते, लोखंडाची असली तरी.

निघताना चष्मेवाली म्हणाली, "हा नीट सांभाळा. पुढच्या खेपेला आम्हाला हा चांगला दिसला, तर वरच्या वस्तीला दुसरा बसवून देऊ."

झालं. तिथून माझे ग्रह फिरले.

माणसांची एक खोड मी ओट्यावर उभ्या उभ्या पाहिली आहे. चांगली वस्तू हाती आली की ती वापरायची नाही. नवी चादर ट्रंकेत, काचेचे पेले कपाटात, खुर्चीवरचं प्लास्टिक खुर्ची मोडेपर्यंत तसंच. पाहुणे येतील तेव्हा काढू, म्हणतात. समोरच्या अध्यक्षांच्या घरात हे सगळं आहे. आता त्यांच्या कपाटात न मावणारा मीही त्यात आलो.

आधी त्यांनी मला रंग दिला. मग दांड्याच्या मुठीला फडकं गुंडाळलं. मग एके सकाळी साखळी आणली.

बायका जमल्या, कुरकुरल्या. अध्यक्ष म्हणाले, "थोडे दिवस कळ काढा. झिजला तर वरच्यांचा पंप गेलाच समजा."

बहीण कळशी घेऊन उभी होती. "अरे दादा, पोरीला पुन्हा ओढ्याचं पाजू का मी?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं? पंप दाराशी आला की मग म्हणशील, दादा होता म्हणून झालं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कळशी कमरेवर घेऊन ओढ्याच्या वाटेला लागली. भावाच्या मायेवर मला शंका नाही. माया होती म्हणूनच ती कुणाला अडवता आली नाही.

थोडे दिवस म्हणता म्हणता दोन उन्हाळे गेले. पोटातला वायसर आधी सुकला, मग आक्रसला, मग तडकला. वरून मात्र मी नवऱ्या मुलासारखा चकचकीत. अध्यक्ष रोज फडक्यानं पुसायचे. पोटात काय चाललंय ते पुसून कसं कळणार?

अखेर पाहुणे आले. चष्मेवाली नव्हती; ती दुसऱ्या गावी बदलून गेली होती. सगळे चेहरे नवे, आणि त्याच दिवशी आणखी वस्त्या बघायच्या म्हणून घाईत. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर कुलूप काढलं, मुठीचं फडकं सोडलं, दांडा मारला. मी कण्हलो. पुन्हा मारला. वरून पाणी ओतून पाहिलं. तेही तडकलेल्या चामड्यातून खाली गेलं. बहीण वरच्या वस्तीच्या बायकांना घेऊन आली होती. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

पाहुणे सभ्य होते. अध्यक्षांना म्हणाले, "असू द्या, होतं असं. पंप चालू राहायला हवा. बघू पुढच्या वेळी." चहा घेतला, माझ्यासोबत फोटो काढला.

जाता जाता त्यातले दोघे माझ्या ओट्यावर बसून बुटातली माती झटकत होते. एक म्हणाला, "मूठ बघितलीस? एक ओरखडा नाही. गरज असती तर झिजली नसती का?"

"हो ना. लोकांना हवाच नाहीये. दुसरा पंप दुसरीकडे देऊ."

एवढं वाक्य त्यांनी अध्यक्षांच्या तोंडावर बोलायला हवं होतं. वाईट दिसेल म्हणून बोलले नाहीत. ऐकलं फक्त मी, आणि माझं ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी जुन्या चपलेतून वायसर कापून बसवला. चष्मेवालीनं शिकवलं होतं, अगदी तसा. पाणी आलं, गार, स्वच्छ. मला वाटलं, सुटलो. आणि त्यांनी पुन्हा साखळी घातली.

आता दर आठवड्याला ते कुलूप काढतात, वायसर ओला राहावा म्हणून दांडा मारतात, पाणी ओट्यावरून मातीत जाऊ देतात आणि कुलूप लावतात. चिखलात कुत्री येऊन पाणी चाटतात. इंजिनिअरांनो, पुन्हा कुठे पंप बसवलात तर लोकांना एवढं सांगून जा, "झिजलेला दांडा बघून आम्हाला आनंद होईल." मला झिजवा हो, मी झिजायलाच जन्मलोय.

काल अध्यक्षांनी मला पुन्हा रंगवलं. तेवढ्यात बहीण ओढ्याकडून आली. कळशीतलं पाणी गढूळ होतं, कडेवर पोर होती, मान टाकलेली. ती थांबली.

"दादा, मला दुसरा नको. हाच दे."

त्यांनी ब्रश डब्यात बुडवला. वर न बघता म्हणाले, "रंग ओला आहे. हात लावू नकोस."