यादीच्या डोक्यावरचा श्री

कोंडाजी साठी उलटल्यावर अक्षरं शिकले, त्यामुळे एकदा लिहिलेलं पुसायला ते सहजी तयार होत नसत. गावातल्या भाजी गटाच्या वेबसाइटसाठी नाव आणि त्यापुढं भाजी अशी यादी त्यांनी एका बोटानं, दोन दिवस खपून टाइप केली होती. इगतपुरीच्या हॉटेलातल्या योगिनीताई अकरा वाजता साइट बघून कुणाची भाजी घ्यायची ते ठरवणार होत्या.

साडेदहाला गटातली मंडळी घरी जमली, सून भाग्यश्रीनं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात वर नाव 'श्री', आणि फोटो टोपीतल्या कोंडाजींचा. कोंडाजींच्या नावावर सुमनबाई. सुमनबाईंच्या नावावर सहादूच्या मिशा. सहादूच्या नावावर वाल्मीक, आणि शेवटी वाल्मीकच्या नावावर नुसती रिकामी चौकट.

"अगं बाई, मला मिशा फुटल्या!" सुमनबाई ओरडल्या.

"तुम्हाला मिशा तरी हायेत," वाल्मीक म्हणाला. "मी तर जगातच नाय!"

कोंडाजींची बायको गोजराबाई, तिनं 'श्री' नावावरच्या नवऱ्याच्या फोटोला हात जोडले. "देवा, आता तरी घरात लक्ष घाला."

"मामा, पान यादीतली एकेक ओळ उचलतं," भाग्यश्री म्हणाली. "पहिल्या नावाला पहिला फोटो, दुसऱ्याला दुसरा. तुम्ही वर 'श्री' लिहिलंय, त्यालाही ते माणूसच समजतंय. म्हणून सगळे एकेक घर सरकले. ती ओळ काढू?"

"श्री काढायचा?" कोंडाजी उभेच राहिले. "माझा बाप अंगठा लावायचा, पण यादी सांगायला बसला की आधी श्री लिवायला लावायचा. पुसायचा नाय!"

"मग अकराला ताई काय बघणार? सुमनकाकूंच्या मिशा?"

कोंडाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "देवालाबी फोटो लाव की!"

भाग्यश्रीनं फोटोंच्या सुरुवातीला गणपती टाकला. सगळी तोंडं आपापल्या नावावर जाऊन बसली. पण गणपतीखाली 'भाजी' या शब्दापुढची जागा मोकळी दिसत होती. ती कोंडाजींना बघवेना. त्यांनी एका बोटानं टाइप केलं : दूर्वा.

सव्वाअकराला ऑर्डर आली. भाग्यश्री वाचू लागली. "सुमनकाकूंची वांगी वीस किलो. सहादूकाकांची मिरची पाच किलो. वाल्मीकभाऊंची मेथी चाळीस जुड्या."

"आन माझा फ्लॉवर?"

"फ्लॉवर नको म्हणतात. पण श्री यांच्याकडच्या दूर्वा, शंभर जुड्या. फोटोवरून माणूस खात्रीचा वाटतो, असं लिहिलंय."

कोंडाजी विळा घेऊन बांधाकडे निघाले.

"एकवीस-एकवीसच्या बांधा हां!" गोजराबाईंनी मागून आवाज दिला. "देवाच्या नावावर माल चाललाय!"