तांबड्या धाग्याची बरणी

मित्रांनो, माझ्या पोटात कधी साखर पडली नाही. संग्रहालयातली मी एक जुनी काचेची बरणी. आयुष्यभर सांभाळला तो स्पिरिटमधला एक इवलासा बेडूक.

भट्टीतून निघाले तेव्हा मी अशी लख्ख होते की बाईंनी मला उजेडात धरून हौसेने पाहिले. बाई म्हणजे उभयचरांच्या अभ्यासक. हा बेडूक आजवरच्या कुठल्याच जातीशी जुळत नाही, हे ताडून त्यांनी त्याला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्याच्या जातीचा. त्या नावाचा साक्षीदार हाच एक बेडूक. पुढे कुणाला शंका आली, तर याच्याशीच ताडून पाहायचे. म्हणून बाईंनी माझ्या गळ्यात तांबडा धागा बांधला. बेडकाचा पाय काडीसारखा. मोडेल या भीतीने त्याला काहीच बांधले नाही.

दूरदूरचे अभ्यासक येत, भिंगातून पाहत. मी नव्या नवरीसारखी मिरवत असे. मग येणारे आटले. झाकणाला चीर गेली, स्पिरिट उडू लागले, बेडकाची पाठ उघडी पडली. बाईंचे केस पिकले. मला कुणी पुसेना.

एके सकाळी मदतनीस भाऊ मोठी बरणी घेऊन आले. तिच्यात तसलेच तपकिरी बेडूक दाटीने बसले होते.

"बाई, गळक्या बरण्यांतले सगळे एकत्र करतो. बारा घरचे बारा, नांदतील गुण्यागोविंदाने!"

"करा, करा," बाई आतल्या खोलीतून म्हणाल्या. त्यांचा डोळा भिंगाला लागलेला होता.

भाऊंनी माझा धागा सोडला आणि चिमट्याने बेडूक उचलला. मित्रांनो, मला तोंड आहे, पण आवाज नाही. त्या गर्दीत तो एकदा पडला असता, तर देवालाही ओळखू आला नसता.

"तांबडा धागा टाकत नाही हं बाई, मोठ्या बरणीला बांधतो!"

आत खुर्ची पडली.

"भाऊ! हात हलवू नका!" बाई धावत आल्या.

"अहो, माझी सासूसुद्धा एवढं ओरडत नाही."

"त्याच्या पायाला काही बांधलेलं नाहीये. तो आत पडला, तर त्या नावाला कुणी वाली उरणार नाही."

भाऊंचे हसू जागीच विरले. ओला बेडूक चिमट्यातून घसरत होता. बाईंनी खाली ओंजळ धरली, आणि तो तिच्यात पडला.

त्यांनी धागा त्याच्या पायाला सैलसर बांधला. "माझीच अक्कल गहाण पडली होती," त्या पुटपुटल्या. बेडूक नव्या बरणीत गेला. मला धुऊन खिडकीत पालथी ठेवली आहे.

मित्रांनो, बरण्या तडकतात, फुटतात. ज्याचे नाव, ते त्याच्याच अंगावर असू द्या. आणि अधूनमधून डोकावून, आत स्पिरिट किती उरले आहे, तेवढे पाहत जा.