कास कोरडी करा

दूध पांढरं झालं म्हणून कुणाला कधी बोलणी बसली आहेत का? आम्हाला बसायची.

संकलन केंद्रावरचा तपासनीस प्रत्येकाच्या दुधाच्या नमुन्यात निळ्या औषधाचे थेंब टाकतो आणि नळी कोमट पाण्यात उभी करतो. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. त्या माणसाला मी निळोबा म्हणते. त्याची बोटं निळी, सदऱ्याचा खिसा निळा. "तुमचं पुन्हा पांढरं," एवढंच तो बाबांना सांगायचा. त्या दिवशी मात्र आणखी बोलला.

"या आठवड्यात सुधारलं नाही तर तुमचं दूध बंद करा म्हणून वरून सांगितलंय. माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन बाबा म्हणाले, "गाई विकून टाकू." दिवा मालव म्हणावं तसं म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

वर्गात बाईंना वाक्याच्या मध्येच अडवून शंका विचारणारी मी! पण आई गेल्यापासून आमच्या घरात सगळ्याला हेच उत्तर होतं. जेवतेस? बरं. पंखा लावू? बरं. आत्या वैतागून म्हणायची, "बापलेकींनी मिळून एकच शब्द विकत घेतलाय जणू!" मला रडू येत नव्हतं, हसूही येत नव्हतं. दात काढल्यावर गाल कसा बधिर होतो, हात लावला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तशी मी सबंध झाले होते.

फक्त गोठ्यात जरा बरं वाटायचं. आमची ढुशी गाय मागून डोकं मारायची तेव्हा मी आहे एवढं तरी कळायचं. ढुशी जाणार म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट केंद्रावर गेले.

"काका, थोडं निळं औषध आणि दोन नळ्या द्या."

"शाळेचा प्रयोग?"

"नाही, गाईंचा खटला."

निळोबा पहिल्यांदाच हसला. त्याचे दात पांढरे होते, हे नवलच.

संध्याकाळी मी ढुशीचे सड धुतले, कोरड्या कापडाने पुसले, पहिल्या धारा जमिनीवर सोडल्या आणि मग एक धार सरळ उकळलेल्या नळीत घेतली. दुसऱ्या नळीत, नंतर बाबांनी नेहमीसारखं काढलेलं बादलीतलं दूध, तेही ढुशीचंच. दोन्हींत निळे थेंब टाकून नळ्या कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवल्या. माझा गृहपाठ संपायच्या आत बादलीचं दूध पांढरंफटक. सडातलं मात्र निळंच्या निळं, झोपताना पाहिलं तरी!

म्हणजे गाय निर्दोष. जंतू येत होते ते सड आणि बादली यांच्यामधून कुठून तरी.

सकाळी मी बाबांच्या मागे जाऊन उभी राहिले. आईच्या हातची धार मी शेकडो वेळा पाहिली होती, बाबांची आज पहिल्यांदा नीट पाहत होते. बाबांनी पाइपने कास भरपूर धुतली आणि तसेच धारेला बसले. कासेवरचं मळकं पाणी त्यांच्या बोटांवरून ओघळत थेट बादलीत ठिबकत होतं.

"बाबा, कास कोरडी नाही करत?"

"करतो की. शेवटच्या थेंबापर्यंत." त्यांनी सुजलेला अंगठा दाखवला. "पिळून पिळून हात गेलेत माझे. पण तिने सांगितलं होतं ना."

दवाखान्यातून आलेला आईचा शेवटचा फोन मीही ऐकला होता. आवाज अगदी बारीक झाला होता तिचा. "अहो, कास कोरडी करायला विसरू नका हं."

"बाबा," मी म्हटलं, "ती पुसण्याबद्दल म्हणत होती. धुतल्यावर, धारेच्या आधी. प्रत्येक गाईला वेगळं फडकं घ्यायची ती."

बाबांचे हात थांबले. ढुशीने वळून पाहिलं.

"पुसायला?"

"हो."

"मला वाटलं, ती म्हणतेय की काही मागे ठेवू नका." बादलीतल्या दुधाकडे बघत ते म्हणाले, "पुसा, एवढंच होय."

त्यांनी ती बादली बाजूला ठेवली. घरात जाऊन एक जुनी चादर आणली आणि टराटर फाडली. मग बाकीच्या दोन्ही गाई मी पुसल्या आणि त्यांनी धार काढली.

केंद्रावर तेवढंच दूध दिलं आणि निकालासाठी तिथेच थांबलो. दुपारी नळी वर धरून निळोबा ओरडला, "अहो, निळं! अजून निळं! असंच येऊ द्या, मग कोण बंद करतंय!" रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी उडी मारणार असं मला वाटलं होतं. मी नळी पाहिली. निळी होती.

परतताना बाबा रिकामे कॅन सायकलला अडकवून चालत होते.

"ढुशी राहील मग," मी म्हटलं.

"राहील." बरंच पुढे गेल्यावर ते थांबले. "फोनवर आणखी काही म्हणाली होती का ती? माझ्या ऐकण्यातून सुटलेलं?"

माझ्या तोंडात एका दमात शंभर वाक्यं असतात. त्यातलं एखादं आईचं म्हणून त्यांना देता आलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तेवढंच."

"बरं," बाबा म्हणाले आणि सायकल पुढे ढकलली.