आधी तीन महिने बघू

धाकट्याच्या दुकानात फक्त पुरुषच यायचे. केस गळणारे, पोट सुटलेले, लग्न ठरलेले, लग्नाला पाच वर्षं होऊनही घरात पाळणा न हललेले. कुणी सरळ मागायचं, कुणी भिंतीवरच्या डब्यांची नावं वाचत अर्धा तास काढायचं आणि दुकान रिकामं झालं की काउंटरवर वाकून कुजबुजायचं. झिंकच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, प्रोटीन पावडरी, सोललेल्या भोपळ्याच्या बिया, सगळा माल होता. पण धाकटा नुसता माल विकत नसे. गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवायचा, काय खाता, किती झोपता, किती चालता ते विचारायचा आणि आहाराचा तक्ता हाताने लिहून द्यायचा. लोक गमतीने त्याला डॉक्टर म्हणत. तो म्हणे, मी डॉक्टर नाही, डॉक्टरकडे जायची पाळी लांबवणारा माणूस आहे.

ढोंगी नव्हता तो. पस्तिशीत त्याचं स्वतःचं वजन शंभरावर गेलं होतं, रक्तात साखर निघाली होती. वडील बावन्नाव्या वर्षी जेवता जेवता ताटावर कलंडले होते, ते डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. त्याने गोड सोडलं, तळलेलं सोडलं, पहाटे उठून चालायला लागला आणि दीड वर्षात माणूस ओळखू येईना. आपल्याला जे लागू पडलं ते जगाला लागू पडेल, असं त्याला मनापासून वाटे.

हे एकाच माणसाला कधी पटलं नव्हतं, आणि तो म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. दादा काच कापणारा. वडील गेले तेव्हा शाळा अर्धवट टाकून तो काचेच्या कारखान्यात लागला होता, तो सत्तावन्नाव्या वर्षीही तिथेच होता. खिडकीएवढी काच टेबलावर टाकायची, एका दमात रेघ ओढायची, टिचकी मारायची, की काचेचे सरळ दोन तुकडे. त्याच कमाईवर धाकटा शिकला. आणि शिकून सवरून भावाने डब्यांचं दुकान काढलं, हे दादाला पचलं नव्हतं. चारचौघांत तो त्याला ‘पावडरवाला’ म्हणे. दुकान उघडून सात वर्षं झाली होती, पण दादाने त्याची पायरी चढली नव्हती.

त्यामुळे एका दुपारी दादा दारात उभा दिसला तेव्हा धाकट्याच्या हातातलं काम तसंच राहिलं. दादा आत आला, डब्यांकडे बघत बसला. जरा वेळाने म्हणाला की पाठ धरलीय. कंबरेच्या वर, मधोमध. काच उचलून उचलून झिजली असणार. आणि मग, काच कापल्यासारखं एका दमात, की रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं आणि उठूनही लघवी धड होत नाही.

हे ऐकून काय करायचं ते धाकट्याला पाठ होतं. पन्नाशीपुढचा पुरुष असं सांगत आला की तो पहिल्यांदा म्हणे, आधी रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका. दुकानाच्या दारावर त्याने तसा बोर्डच लावला होता. ते वाक्य आत्ताही जिभेवर आलं. पण दादा स्टुलावर बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, आणि म्हणाला,

“तू सांगशील तसं करीन मी.”

उभ्या जन्मात दादा त्याला असं बोलला नव्हता. धाकट्याच्या छातीत काहीतरी भरून आलं. आत्ता डॉक्टरकडे पाठवलं तर हा उठून जाईल आणि पुन्हा यायचा नाही, असंही वाटलं. तो म्हणाला,

“आधी तीन महिने बघू, दादा. नाहीच फरक पडला, तर डॉक्टर आहेतच.”

त्याने तक्ता लिहिला. एवढ्या काळजीने त्याने आजवर कुणाचाच लिहिला नव्हता. सकाळी दोन अंडी, मूठभर भोपळ्याच्या बिया, पालेभाजी, संध्याकाळनंतर चहा बंद. चार प्रकारच्या गोळ्या त्याने स्वतः डबीत भरून दिल्या.

आणि दादाने शब्द पाळला. रोज सकाळी तलावाच्या कडेने दोघं भाऊ चालायला लागले. दादा आधी गप्प असे, मग हळूहळू बोलता झाला. वडील गेल्यावर पहिल्या दिवशी कारखान्यात हात कापला होता आणि घरी कळू नये म्हणून तो खिशात घालून आला होता, हे धाकट्याला चाळीस वर्षांनी कळलं. गोळ्यांवरून थट्टाही चाले. दादा म्हणे, “इतक्या गिळतोय की जोरात चाललो तर खुळखुळा वाजेल.” धाकटा हसून हसून बेजार होई. भाऊ असणं म्हणजे काय, ते त्याला त्या सकाळींनी शिकवलं. ते महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हेच पुढे त्याला सोसवेना.

तीन महिन्यांत दादाचं वजन सहा किलोंनी उतरलं. पाठ मात्र तशीच होती. दादा म्हणाला, थोडी कमी वाटतेय. खरं म्हणाला की भावाचं मन राखलं, कोण जाणे. धाकट्याने आणखी तीन महिने धरले, एक गोळी वाढवली. सहाव्या महिन्यात वजन अकरा किलोंनी कमी झालं होतं. धाकट्याने भावाचे आधीचे आणि आताचे फोटो शेजारी शेजारी लावून दुकानात टांगले. गिऱ्हाइकं विचारत, हे कोण? तो अभिमानाने सांगे, माझा दादा.

वहिनी एकदा दुकानात आली. फोटोसमोर उभी राहून म्हणाली, “भावजी, हे बारीक झालेत ते मला बरं दिसत नाही. गालफडं बसलीत. जेवण पुढ्यात तसंच राहतं.” धाकटा हसला. वहिनीला भरलेल्या अंगाची सवय झालीय, असं काहीतरी म्हणाला. वहिनीने वाद घातला नाही. घरात दोन पुरुष एका बाजूला झाल्यावर तिने कधीच वाद घातला नव्हता.

आठव्या महिन्यात, भर कामाच्या वेळी, दादा काच घेऊन टेबलाकडे वळला आणि त्याचे पाय गेले. दुखले नाहीत, घसरले नाहीत, नुसते गेले. काच फुटली, तो तिच्यावर पडला. सोबत्यांना वाटलं, कापून घेतलंय. रक्त पुसलं तर जखमा किरकोळ होत्या. पण दादा त्यांना म्हणत होता, मला उठवा रे, मला पाय सापडत नाहीत.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळपर्यंत सगळं कळलं. प्रोस्टेटचा कॅन्सर. तिथून मणक्यांत पसरलेला. पाठीचा एक मणका आतून पोखरून बसला होता आणि त्याने मज्जारज्जू दाबला होता. डॉक्टरीण तरुण होती, शांतपणे एकेक गोष्ट विचारत लिहीत होती. पाठ कधीपासून दुखते? वर्ष होत आलं, दादा म्हणाला. लघवीचा त्रास? तोही तेव्हापासून. मग तिने मान वर केली.

“इतक्या दिवसांत कुणाला दाखवलं होतं?”

खाटेच्या एका बाजूला वहिनी होती, दुसऱ्या बाजूला धाकटा. त्याने तोंड उघडलं. पण दादा आधी बोलला.

“कुणाला नाही. माझाच हलगर्जीपणा.”

डॉक्टरणीने तसं लिहिलं. दादाने धाकट्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाहेर व्हरांड्यात धाकट्याने तिला गाठलं. आठ महिन्यांपूर्वी आला असता तर? ती म्हणाली, नक्की सांगता येणार नाही. आजार तेव्हाही पसरलेला असू शकतो. पण औषधं सुरू झाली असती, मणका वाचवायला वेळ मिळाला असता. “कदाचित चालत असते,” एवढं बोलून ती पुढच्या पेशंटकडे गेली.

पाय परत आले नाहीत. ऑपरेशन झालं, किरणं झाली, इंजेक्शनं झाली, दादा हॉस्पिटलच्या खाटेवरून घरच्या खाटेवर आला. धाकटा रोज जाई. कूस बदली, अंग पुशी, नळीला लावलेली पिशवी रिकामी करी. वहिनी त्याला करू देई, पण कामापुरतंच बोले. सांगायला म्हणून तो दहा वेळा खाटेपाशी बसला. एकदा म्हणाला, दादा, त्या दिवशी मी तुला... दादाने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, खिडकी लाव, ऊन येतंय. ऊन नव्हतं. पुन्हा काढलं तेव्हा दादाला झोप आली होती. मग धाकट्याने प्रयत्न सोडला. दादाला ऐकायचं नव्हतं, की भावाला बोलू द्यायचं नव्हतं, हे त्याला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

चौदा महिन्यांनी दादा गेला. शेवटी शेवटी लहान मुलाएवढं वजन राहिलं होतं.

महिनाभराने धाकटा वहिनीकडे गेला. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी भांडी पुसत होती. तो दारातच उभा राहिला आणि सगळं बोलून गेला. दादा दुकानात आला होता ते, लघवीचं सांगितलं होतं ते, डॉक्टरकडे पाठवायला हवं हे आपल्याला ठाऊक होतं ते, आणि का पाठवलं नाही तेही. म्हणाला, त्याने माझं ऐकलं याचाच मला इतका आनंद झाला, वहिनी, की पुढचं दिसलंच नाही.

तिने हातातलं भांडं पुसून पालथं घातलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “गोळ्यांची डबी पुढे मीच भरत होते ना रोज. हे झोपेत कण्हायचे, सकाळी उठून तुम्हाला सांगायचे, बरं वाटतंय. मला म्हणायचे, पोरगं इतक्या हौसेनं करतंय, त्याचं मन कशाला मोडू.”

धाकटा रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. पाणी दिलं नाही, बस म्हटलं नाही.

“आता हे पुन्हा माझ्यापाशी बोलू नका, भावजी. बोलून तुमचं हलकं होईल. माझं मी कुठे ठेवू? मीसुद्धा त्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प बसले.”

तो पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. शटरपाशी एक माणूस वाट बघत उभा होता, पन्नाशीचा असेल, कंबरेवर हात ठेवून. धाकट्याने कुलूप न काढताच त्याला विचारलं की पाठ किती दिवस दुखतेय, आणि उत्तर यायच्या आत म्हणाला, डॉक्टरकडे जा, आत्ताच जा. माणूस चकित झाला. त्याला मुलासाठी पावडर हवी होती. तो दोन पावलं मागे सरकला, आणि बरं बरं म्हणत रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. धाकटा हातात किल्ली धरून तिथेच उभा राहिला.