भूक लावणारी गोळी

मित्रांनो, माझा एक कान तुटलेला आहे आणि बुडाला दोन पोचे आहेत. मी एका गवंड्याच्या घरातलं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं. पत्र्याच्या एका शेडमध्ये यंत्राखाली दाबून मला आकार मिळाला. बाजारात गवंड्याच्या बायकोने मला बोटांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "हेच घेऊ. चौघांचं यात सहज होईल."

पहिली काही वर्षं मी काठोकाठ भरलेलं असे. मग तिला सारखा ताप येऊ लागला. रक्त तपासलं, तेव्हा एचआयव्ही निघाला. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर, खंड पाडायचा नाही. एकत्र जेवल्याने हा आजार कुणाला होत नाही, हेही त्यांनी समजावलं. तरी तिने आपलं ताट वेगळं काढलं.

"ठेव ते परत," गवंडी म्हणाला. "वेगळं ताट पाहुण्याला. तू काय पाहुणी आलीस?"

गोळ्यांनी ताप गेला. मग तिला भूक लागू लागली, अशी की विचारू नका. नेमकं त्याच सुमारास गवंड्याचं बांधकाम बंद पडलं. हातावरचं पोट. माझ्यात पाणी जास्त नि दाणे कमी, अशी पेज शिजू लागली. ती सगळ्यांना वाढायची आणि पाठ फिरवून माझ्या रिकाम्या बुडावर डाव खरवडायची. बाकीच्यांना वाटे, आपलंही वाढून घेतेय. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

ती घरी बसून शर्टांना गुंड्या लावायची. एका दुपारी धाकटी लेक गुंड्यांचा डबा घेऊन खेळत होती.

"बाबा, या गुंड्यांना भोकंच नाहीत."

गवंड्याने डबा उपडा केला. पांढऱ्या गुंड्यांत पंधरा-वीस पांढऱ्या गोळ्या निघाल्या.

"जगायचं नाही का तुला?" त्याने हळूच विचारलं.

"जगायचंय हो. पण गोळी घेतली की भूक खवळते. मग पोरींच्या ताटाकडे नजर जाते माझी."

तो बराच वेळ एकेक गोळी वेचत बसला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना घरीच घेऊन आला. बाईंनी आधी माझं झाकण उचललं.

"भूक लागते म्हणजे औषध लागू पडतंय, ताई. अंग पुन्हा बांधायला घेतलंय. दादा, विटाच नसल्या तर तुम्ही काय बांधाल?"

"काय बांधणार? थापी घेऊन बसून राहीन."

"मग घरात दाणा नाही, हे बोलला का नाहीत?"

"तुम्ही गोळ्यांचं विचारत होता. पोटाचं कुणी विचारलं नाही."

बाईंनी माझं झाकण परत ठेवलं. "चुकलंच आमचं," म्हणाल्या. त्या महिन्यापासून गोळ्यांबरोबर डाळ, तांदूळ, शेंगदाणे आणि तेल मिळू लागलं.

मित्रांनो, त्यानंतर जे पाहिलं त्याचं नवल मला अजून वाटतं. तिच्या मनगटाची वर आलेली हाडं हळूहळू दिसेनाशी झाली. नळापर्यंत दोनदा बसत जाणारी ती भरली बादली एका दमात आणू लागली. चुलीवर मी तांदळाचा भात होताना रोजच पाहिला आहे. पण नखाएवढी गोळी आणि वाटीभर डाळ यांतून अख्खं माणूस परत आलेलं तेव्हाच पाहिलं. एका दुपारी तिने सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. गवंड्याचा घास हातातच राहिला.

त्यानंतर ती अठरा वर्षं जगली. नातवंडं मांडीवर खेळवली. गेल्या हिवाळ्यात गेली, पण उपाशी नाही गेली. आता गवंडी एकट्यापुरतं शिजवतो आणि अंदाज चुकून रोज जास्तच होतं. मग तो दारात जाऊन कुणाला तरी हाक मारतो.

तुमच्याही शेजारी कुणी अशी गोळी घेत असेल. गोळी घेतलीस का, हे त्याला जरूर विचारा. पण आधी जेवलास का, ते विचारा. आणि विचाराल त्या दिवशी पातेल्यात थोडं जास्तीचं असू द्या.