डोईच्या बांधीचा मनाईहुकूम

धनेंद्र पटले फावडं घेऊन धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभा होता आणि त्या धुऱ्याला हात लावायची त्याला कोर्टाची मनाई होती. मनाई त्यानंच आणली होती.

धुऱ्याच्या वरच्या अंगाला डोईची बांधी, धानाचं खाचर. तिच्यात घोटाभर पाणी, धान हिरवागार. खालच्या अंगाला धनेंद्रच्या बांध्या, एकीखाली एक, तळ्याच्या पायऱ्यांसारख्या. त्यांच्या भेगांत आता उंदीर राहायला आले होते. पोळा झाल्यापासून थेंब नव्हता. आभाळ रोज सकाळी भरायचं आणि दुपारपर्यंत बालाघाटकडे निघून जायचं.

वर दुर्गेश्वरी तण निंदत होती. ही धनेंद्रची सख्खी मोठी बहीण आणि खटल्यातली प्रतिवादी. कंबर सरळ करत ती म्हणाली, “काय गा धनू, सकाळपासून उभाच आहेस. मले बुजगावणं नाई लागत. पाखरं अजून आले नाईत.”

“तुया बांधीत नाई आलो मी. धुऱ्यावर आहो. धुरा सामाईक आहे.”

“सामाईक आहे म्हनून त शिवता येत नाई. तुयाच वकिलानं लिवला कागद. वाचून दाखवू का?”

धनेंद्रनं फावडं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तेवढ्यात पाटावरून मनिराम सायकल ढकलत आला. त्याचं शेत शेजारचंच, आणि खटल्यात तो धनेंद्रचा साक्षीदार. तो थांबला, धनेंद्रनं ज्या दिशेला पाहिलं त्याच दिशेला त्यानंही पाहिलं.

“पानी पाहून रायला का, धनूभाऊ?”

“हो.”

“पाह्य बाप्पा. पाह्याले मनाई नाई.”

आमच्या जांभुळटोल्यात पाण्याची रीत अशी आहे. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी पाटानं येतं ते सगळ्यात वरच्या, म्हणजे डोईच्या बांधीत. ती भरली की तिच्या धुऱ्याचं तोंड फोडायचं, पाणी खालच्या बांधीत उतरतं. ती भरली की तिचं तोंड. असं शेवटच्या बांधीपर्यंत. पाण्याला दुसरा रस्ता नाही. एकच आहे, डोईच्या बांधीच्या बाजूचा सांडवा, पण त्यातून गेलेलं पाणी सरळ नाल्यात जातं. गेले कित्येक दिवस ते तिकडेच जात होतं, धनेंद्रच्या डोळ्यांसमोरून.

बाप झामसिंग होता तोवर वरपासून खालपर्यंत सगळं त्याचंच, म्हणून तोंड कधी फोडायचं आणि कधी बुजवायचं हा प्रश्न घरातल्या घरात सुटत होता. दुर्गेश्वरीला अर्जुनी मोरगावला दिलं होतं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली. बापाला लकवा मारला तेव्हा त्याचं खाणंपिणं, हागणंमुतणं तिनंच काढलं. धनेंद्र रोज सकाळी येऊन “बाबा, कसं आहे?” विचारून जायचा. हे तो कोर्टातही म्हणाला, की मी रोज विचारत होतो.

आमच्याकडे बहिणी भाऊबीजेला येतात, ओवाळतात, लुगडं घेतात आणि जाताना तलाठ्याकडे हक्कसोडाच्या कागदावर सही करून जातात. त्यात कोणाला काही वाटत नाही. झामसिंगला वाटलं. त्यानं एक दिवस खाटेसकट स्वतःला टेम्पोत घालून घेतलं आणि गोंदियाला जाऊन मृत्युपत्र नोंदवलं. बाकी सगळं पोराला, डोईची बांधी पोरीला.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि धनेंद्रनं वकील केला.

मृत्युपत्र खोटं आहे म्हणायचं तर दोन वाटा होत्या. एक, अंगठा बापाचा नाही. दोन, बापाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. वकिलानं दोन्ही धरल्या. अंगठा तपासायला नागपूरचा जाणकार लावला. त्यासाठी धनेंद्रनं दुभती म्हैस विकली. जाणकारानं बरेच महिने भिंगातून पाहून लिहून दिलं की अंगठा झामसिंगचाच आहे. हे गावातल्या लेकरानंही सांगितलं असतं, पण गावातलं लेकरू जाणकार नव्हतं.

“बांधी भेटली की धुऱ्यावरचं गवत म्हशीले होईन म्हनत होता तुमी,” बायको प्रेमिला म्हणाली. “आता गवत भेटन तेवा खाईन कोन?”

उरलं बापाचं डोकं. त्यासाठी साक्षीदार हवे होते. धनेंद्र घरोघर फिरला. लोक चहा पाजायचे आणि हात जोडायचे. केशोराव म्हणाला, “त्याच साली बुढ्यानं माया पोरीची सोयरीक जुळवली. तो पागल होता म्हनलं त जावई काय म्हनन मले?” खरं म्हणजे झामसिंगनं त्या काळात निम्म्या गावाचे धुऱ्यांचे तंटे मिटवून दिले होते. तो वेडा ठरला असता तर निम्मं गाव कोर्टात गेलं असतं. शेवटी मनिराम तयार झाला. तारखेला नेऊन आणणं, गोंदियाच्या चौकात समोसे, आणि साक्ष जितकी लांबेल तितके समोसे.

सगळ्यात सोपी साक्ष आईची, असं धनेंद्रला वाटलं. सुंदरबाई म्हातारी पोरीकडे राहायची, पण एक वेळ सुनेच्या हातचं खायची, कोणाला वाईट वाटू नये म्हणून.

“माय, तू फक्त म्हन का बाबाले त्या वक्ती समजत नोयतं.”

“त्याच महिन्यात टॅक्टर तुया नावानं केला तुया बापानं. तवा समजत होतं का नोयतं?”

धनेंद्र जायला उठला.

“चार आन्याची कोंबडी अन् बारा आन्याचा मसाला करून रायला तू,” म्हातारी म्हणाली. “अन् कोंबडी आपल्याच घरची.”

तरी एक विजय मिळाला. यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्या आटोपल्या वकिलानं ‘जैसे थे’चा अर्ज टाकला. निकाल लागेपर्यंत कोणी काही बदलायचं नाही. नुसती जमीन लिहून धनेंद्रचं समाधान होईना. तो वकिलाच्या टेबलावर ओणवा होऊन सांगू लागला, “साहेब, धुराबी लिवा. धुऱ्याचं तोंड लिवा. नाई त ते तोंड लहानमोठं करन, धुरा खाईन. पानी लिवा, गवत लिवा, सप्पा लिवा.”

“सब लिख देते हैं,” वकील म्हणाला. “लिखने में क्या है.”

हुकूम झाला. दोन्ही पक्षांनी बांधी, धुरा, धुऱ्याचं तोंड आणि पाण्याची सोय आहे तशी ठेवावी. धनेंद्रनं गावात बुंदी वाटली. आम्हीही खाल्ली. रोवणा झाल्यावर नव्या रोपाला पाणी धरून ठेवायचं म्हणून डोईच्या बांधीचं तोंड त्या दिवशी बंद होतं, हे बुंदी खाताना कोणाच्या ध्यानात आलं नाही. पाऊस पडतच होता.

पोळ्यानंतर ध्यानात आलं.

धान पोटरीत आला होता. पानं उघडून पाहिलं तर आत लोंब दिसायची, बोटाएवढी, पांढरी, मऊ. या आठ-पंधरा दिवसांत बुडाशी पाणी नसलं तर पुढे कितीही पाऊस पडो, लोंबीत दाणा भरत नाही, नुसता पोचट कोंडा राहतो. धनेंद्रचं वर्षाचं खाणं, विकणं, पोरीच्या कॉलेजचं सगळं त्या लोंबीत होतं. त्यानं फावडं घरी ठेवलं आणि बस धरून गोंदियाला गेला.

“साहेब, ते तोंड उघडाले पायजे.”

“किसका?”

“धुऱ्याचं. धान मरून रायला माया.”

वकिलानं फाईल उलटली. “आपने ही तो लिखवाया था, धनेंद्रजी. अब बदलना है तो नई अर्जी डालनी पड़ेगी. सामनेवाले को नोटिस जाएगी, उनका जवाब आएगा, फिर बहस.”

“मंग कधी होईन?”

“दिवाली के बाद की तारीख मिल जाएगी.”

“दिवाळीले त धान कापतो साहेब.”

“तो कटाई के बाद आराम से आइए,” वकील म्हणाला. तो चांगल्या मनानंच म्हणाला.

फाईलसोबत त्यानं आणखी काही कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, वारंवार यायचा त्रास नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी धनेंद्र पुन्हा धुऱ्यावर. या वेळी फावडंही नव्हतं. वाळलेल्या पानांची टोकं तो चिमटीत धरून पाहत होता. दुर्गेश्वरी धुऱ्याजवळ आली, पदरानं तोंड पुसलं.

“काय म्हनला वकील?”

“दिवाळीनंतर ये म्हनला.”

“अन् मले जर तू इचारलं असतं?”

“तू पक्षकार आहेस विरुद्ध. तुयासंगं बोलाचं नाई म्हनते तो.”

“मंग आता कोनासंगं बोलून रायला?”

त्यानं हातातलं पान खाली टाकलं. तिनं खालच्या बांध्यांकडे पाहिलं. त्या बांध्यांत तिनं लग्नाआधी सात-आठ रोवणे केले होते. मग ती घरी गेली आणि फावडं घेऊन आली.

“बाई, थांब,” धनेंद्र म्हणाला. “हुकूम मोडला त बांधी जाईन तुयी. वकील टपूनच आहे.”

“तुयाच वकील आहे न?”

“हो.”

“मंग सरक बाजूले.”

भर दुपारी, कपड्यांवरचे चिखलाचे डाग मोजता येतील अशा उजेडात, तिनं धुऱ्याचं तोंड फोडलं. आजूबाजूला निंदणाऱ्या बाया होत्या, पाटावर गुराखी होता, मनिराम होता. पाणी आधी गढूळ आलं, मग निवळ. पहिल्या बांधीच्या भेगांनी ते बराच वेळ नुसतं गिळलं, वर फक्त बुडबुडे येत राहिले. संध्याकाळी ते दुसऱ्या बांधीत उतरलं. कोणी कुठं तक्रार केली नाही.

पण वकिलाचा मुन्शी शेजारच्या गावचा. पोळी शेकायच्या आत बातमी गोंदियाला पोचली आणि वकिलाचा फोन आला. आवाजात लग्नघरासारखा आनंद.

“धनेंद्रजी, केस जीत गये समझो! खुद हुकूम तोड़ दिया उसने. मैंने कमिशनर की अर्जी लगा दी है, आपकी सही थी ही. वो आएगा, पंचनामा करेगा. आप बस बोल देना, बहन ने तोड़ा.”

“मंग काय होईन?”

“उसपर अवमान. और धुरे का मुँह जैसा था वैसा बंद करवा देंगे. जैसे थे.”

धनेंद्रनं फोन ठेवला आणि पायानं बांधीतलं पाणी चाचपलं. अजून शेवटच्या दोन बांध्या भरायच्या राहिल्या होत्या.

कमिशनर म्हणून कोर्टानं नेमलेला तरुण वकील आला तेव्हा अख्खा टोला धुऱ्यावर जमला होता. त्याचा खर्च अर्थात अर्जदारानं, म्हणजे धनेंद्रनं भरला होता. कमिशनरनं पांढरे बूट काढून हातात घेतले आणि चिखलात उभं राहून विचारलं, “हे तोंड कोणी फोडलं?”

दुर्गेश्वरी पुढे झाली. ती तोंड उघडणार एवढ्यात धनेंद्र म्हणाला, “खेकड्यानं.”

कमिशनरनं पेन थांबवलं. “कोणी?”

“खेकड्यानं, साहेब. धुऱ्यात बिळं करतेत. पानी फुटते त्यातनं.”

“तुम्ही वादी आहात ना?”

“हो. म्हनून त सांगून रायलो.”

“खेकड्यानं एवढं मोठं तोंड फोडलं?”

“मोठा होता,” केशोराव मागून म्हणाला.

“केवढा?”

केशोरावनं हातानं दाखवलं. बाजूच्या बाईनं हात थोडे आणखी पसरवून दुरुस्ती केली. गुराख्यानं सांगितलं की त्यानं तो स्वतः पाहिला, पण भीतीनं जवळ गेला नाही.

कमिशनर वाकला. “कडा बघा किती सरळ आहेत. फावड्याची पात लागल्यासारख्या. खेकडा फावडं चालवतो का?”

सगळे मनिरामकडे बघू लागले, कारण साक्ष द्यायची सवय गावात त्यालाच होती. मनिरामनं टोपी सारखी केली.

“आमच्याकडचे मेहनती असतेत, साहेब.”

सुंदरबाई धुऱ्यावर बसली होती. कमिशनरनं तिला विचारलं, “आजी, तुम्ही काय पाहिलं?”

“मले दिसत नाई बाप्पा,” म्हातारी म्हणाली. “पन आवाज आला. कटकट कटकट करून रायला होता.”

पंचनाम्यात जे समोर होतं ते लिहिलं गेलं. धुऱ्याचं तोंड उघडं आहे, पाणी खाली वाहत आहे, तोंड खेकड्यामुळे फुटल्याचे वादी व पंच सांगतात. वादीचीच तक्रार नाही म्हटल्यावर ते बुजवा असं सांगणारं कोणी उरलं नाही. शिवाय कोर्टाचा हुकूम कायमच होता, की आहे त्यात बदल करायचा नाही. आता तोंड उघडं आहे अशी कोर्टाच्या दप्तरी नोंद झाली. त्या दिवसापासून ते बुजवायची मनाई झाली.

वकील फोनवर बराच वेळ हिंदीत बोलत होता. धनेंद्र फक्त “हो” म्हणत होता. शेवटी वकील म्हणाला, “अगली तारीख को आ जाना,” आणि ती तारीख सांगितली.

तारखेच्या सकाळी आम्ही पाहिलं, धनेंद्रनं मोटरसायकल काढली आणि बहिणीच्या दारासमोर उभी केली. दोघांनाही त्याच कोर्टात, त्याच वेळी, एकमेकांविरुद्ध हजर राहायचं होतं. बसला वेळ लागतो आणि एकटं गेलं तरी पेट्रोल तेवढंच जातं. खालच्या बांध्यांत लोंबी बाहेर पडून वाकायला लागल्या होत्या. मनिराम पाटावरूनच ओरडला, “काय गा, समझोता झाला का?”

“नाई,” धनेंद्र म्हणाला. “तारीख आहे.”

दुर्गेश्वरी डबा घेऊन बाहेर आली. दोघांचा मिळून एकच होता.

“धनू, मागं कायले नाई घेत तू केस? अंगठा बाबाचा निघाला. डोकंबी बाबाचंच होतं.”

धनेंद्रनं किक मारली, गाडी सुरू झाली नाही. त्यानं पुन्हा मारली.

“आता कसा घेऊ बाई?” तो म्हणाला. “म्हैस गेली, इतका खर्च झाला. मधातच सोडली त सप्पा वाया जाईन न.”

दुर्गेश्वरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग डबा मांडीवर नीट धरून ती मागे बसली.

“चाल मंग,” ती म्हणाली. “कोर्टात पुकारा होऊन जाईन.”