जर्मनच्या टाकीवरची विभूती

वारज्याच्या त्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळी सातपासूनच रांग लागली होती. रांगेत कसबा पेठेतल्या निवृत्त शिक्षिका होत्या, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आलेली कुटुंबं होती, आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानाला नवाकोरा मोबाईल अशी सॉफ्टवेअरवाली पोरंही होती. बुवाबाजी फक्त अडाण्यांत चालते असं ज्यांना वाटतं, त्यांना धरून आणून ही रांग दाखवायला हवी होती.

शेडच्या आत विमान होतं. खेळण्यातलं नव्हे, दोन माणसांना घेऊन उडणारं. श्रीधरपंतांनी नकाशे मागवून, पाच वर्षं खपून ते बांधलं होतं. आणि त्या विमानाच्या पेट्रोलच्या टाकीवर विभूती उगवत होती! पुसली की पुन्हा. पांढरी, हलकी, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी उभी राहणारी. महिपतीनाथ महाराज ती चिमटीने उचलायचे, कागदाच्या पुडीत बांधायचे आणि म्हणायचे, "पोटदुखीला मधातून. नोकरीला उशाखाली."

रुपाली रिवेट मारायचा हातोडा हातात घेऊन कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या डोक्याची शीर तडतडत होती.

रुपाली यवतमाळची. पुण्यात आली तेव्हा घरमालकिणीने विचारलं होतं, "आयटीत आहेस का?" ती म्हणाली, "आयटीआयत होते." भाडं तेवढंच लागलं, चहा मात्र मिळाला नाही. आधी ती भोसरीच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या कामावर होती. श्रीधरपंतांच्या विमानाचा पत्रा न् पत्रा तिच्या हातून गेला होता. टाकीसुद्धा तिनेच वाकवली, जोडली, आणि गंजू नये म्हणून वरून पिवळसर हिरव्या प्रायमरचे तीन हात दिले.

महाराज आले ते इंजिनामुळे. जमिनीवर चाचणी घेताना इंजिन दहा मिनिटं चालायचं आणि खोकून बंद पडायचं. तीन वेळा झालं तसं. श्रीधरपंत इंजिनिअर माणूस, पण विमानाचं नाव 'टिटवी' ठेवलंय म्हणून नातेवाइकांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. "अपशकुनी पक्षी हो! मुलाला बसवणार ना त्यात?" मुलगा सलिल, अमेरिकेत प्रोग्रॅमिंग करता करता विमान उडवायचा परवाना काढून आलेला. पहिलं उड्डाण तोच करणार होता. बापाचं काळीज ते, हललं. कोणीतरी महाराजांचा नंबर दिला.

खरं कारण रुपालीला सापडलं होतं. टाकीतलं पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीला एक बारीक नळी असते. त्या नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने चिखलाचं घर केलं होतं. हवा बंद, म्हणून पेट्रोल बंद. रुपालीने सकाळी आठला तारेने ते घर काढलं. महाराज नऊला आले. मंत्र म्हटला. इंजिन अर्धा तास गुरगुरत राहिलं.

"साहेब, माशीचं घर होतं. मी काढलं," ती म्हणाली.

"असेल, असेल," श्रीधरपंत म्हणाले आणि महाराजांच्या पाया पडले.

मग महाराज म्हणाले, "दोष टाकीत आहे. तो भस्म होऊन बाहेर येईल. पण धातूवर वस्त्र नको. धातू दिगंबर हवा." आणि त्रिशूळाच्या टोकाने त्यांनी तळहाताएवढं प्रायमर खरवडून काढलं. बाटलीतलं तीर्थ कापसाने तिथे चोळलं. पाचेक मिनिटांत उघड्या पत्र्यावर पांढरे केस उगवले. श्रीधरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीत बातमी गेली, गल्लीतून शहरात.

शेडच्या दाराशी चहाची टपरी चालवणारी गोदाबाई पहिल्याच दिवशी आत डोकावून म्हणाली होती, "जर्मनची टाकी हाय व्हय?" तिच्या लेखी ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन; आपल्या आईआज्यांच्या तोंडी हाच शब्द. पण महाराजांनी तो ऐकला आणि तिथल्या तिथे प्रवचन पाडलं:

"होय माई! जर्मन धातू! जर्मनांनी आपले वेद नेले, त्यातून विमानविद्या काढली. म्हणून हा धातू मंत्र ओळखतो. लोखंडाला संस्कृत कळत नाही!"

आणि कसब्यातले दोन पेन्शनर, ज्यांच्या स्वयंपाकघरात जर्मनचे चार टोप सहज असतील, ते गंभीरपणे माना डोलवत म्हणाले, "अगदी बरोबर. आम्ही वाचलंय."

काय वाचलं होतं, कुठे वाचलं होतं, देव जाणे.

अकरा दिवस हे रोज चाललं. शुक्रवारी संध्याकाळी रुपालीने विभूती पुसून नख लावून पाहिलं. नख आत रुतलं. तिला भोसरीचे नागोराव आठवले. कारखान्यात एकदा थर्मामीटर फुटला, तेव्हा त्या सुपरवायझरने ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची अख्खी थप्पी भंगारात घातली होती. "पारा लागला पोरी. लाकडाला वाळवी, तसा याला पारा."

ती सलिलकडे गेली. "परवा उडू नका. टाकी गेलीये."

"अगं, टेन्शन नको घेऊस. आमच्या अण्णांना बरं वाटतंय ना? रविवारी एक फेरी मारतो, मग तू सगळं क्लीन कर."

"ती टाकी तुमच्या गुडघ्यासमोर आहे, भाऊ. तिच्यापुढे तापलेलं इंजिन. फुटली तर क्लीन करायला काय उरणार?"

सलिल हसला, पण ओढूनताणून. श्रीधरपंत मात्र भडकले. "रुपालीबाई, आपण रिवेट मारा. अध्यात्म आम्ही बघतो."

ती रात्रभर चिडून बसली नाही, शांत झोपली. शनिवारी सहाला येऊन तिने टाकीतलं सगळं पेट्रोल काढून शेडबाहेर लांब नेऊन ठेवलं. रांग आत आली, महाराज आसनावर बसले, तशी ती हात जोडून पुढे झाली.

"महाराज, गोदामावशीचं चहाचं पातेलंही जर्मनचं आहे. त्यातनं विभूती काढा ना. गरिबाचं भलं होईल."

लोक हसले. गोदाबाई खरंच पातेलं घेऊन आली, घासून लख्ख केलेलं. महाराजांच्या कपाळावर आठी पडली.

"उष्टं भांडं ते. मंत्र बाटेल."

"टाकीला रोज माझे हात लागतात, ती नाही बाटली? आणि धातू मंत्र ओळखतो म्हणालात. की पातेलं नापास झालेलं जर्मन आहे?"

हशा पिकला. चेला बजरंग बाटली पोटाशी धरून मागे सरकत होता. रंगकामाचे रबरी हातमोजे घालून रुपालीने ती त्याच्याकडून हिसकावून घेतली आणि पातेल्याच्या बुडावर दोन थेंब चोळले. मंत्र नाही, धूप नाही. ती मोठ्याने पाढे म्हणाली. सत्ताविसाच्या पाढ्यापर्यंत पातेल्याला पांढरी दाढी फुटली.

"अगं बया!" गोदाबाई ओरडली. "मी बी महाराज झाले की!"

मग रुपालीने पूजेच्या तबकातली तांब्याची पळी उचलून तीत तीर्थ ओतलं. पळी बघता बघता पांढरी चकचकीत झाली. आणि आता बघा शहाण्यांचं शहाणपण: मागून आवाज आला, "तांब्याची चांदी झाली हो! चांदी!" दोघं तर पाया पडायला वाकले.

"उठा!" रुपाली कडाडली. "चांदी नाही, पारा आहे तो. काहून सारे तीर्थ तांब्याच्या भांड्यात ठेवतात आणि हे प्लास्टिकच्या बाटलीत? कारण तांबं चुगली करतं. अकरा दिवसांत या तीर्थाचा एक थेंब कोणाच्या तळहातावर पडला? महाराज, तुमचंच तीर्थ आहे. घ्या एक घोट."

पळी तिने त्यांच्यासमोर धरली. महाराज मागे झुकले. आणखी झुकले. आसन सुटलं.

"रसकापूर आहे ना हा? पाऱ्याचा क्षार, जहाल विष," ती म्हणाली. मग लोकांकडे वळून तिने सांगितलं, जसं ती कारखान्यात नव्या मुलींना सांगायची. ॲल्युमिनियमला हवेतच एक पातळ साय धरते, ती त्याचं गंजण्यापासून रक्षण करते. वर प्रायमर दिलं की दुहेरी कवच. प्रायमर खरवडून पारा चोळला की साय धरतच नाही. हवा आणि ओल उघड्या धातूला खात सुटतात आणि त्याची राख होते. "तुम्ही पुड्यांत बांधून नेताय ती विभूती म्हणजे या टाकीचा गंज. टाकीच तुम्ही पुडीपुडीने घरी नेलीत."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला, टाकीवर टेकवला आणि नुसता दाबला. तो पापडातून जावा तसा आत गेला.

सलिलने त्या भोकाकडे पाहिलं, मग आपल्या बसायच्या जागेकडे. श्रीधरपंतांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात रांगेतून एक बाई पुढे आली. विश्रांतवाडीची, कडेवर दीड वर्षाचं पोर. "ताई, मी... याला मधातून चाटवली. दोन दिवस."

रुपाली झटक्यात तिच्याजवळ गेली.

"पुडी आहे? सोबत घ्या. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. डॉक्टरांना सांगा, पारा आहे." रुपालीने श्रीधरपंतांकडे पाहिलं. "साहेब, गाडी काढा."

आणि श्रीधरपंत, अकरा दिवस हात जोडून उभा असलेला तो माणूस, किल्ली घेऊन धावत सुटला. त्या गडबडीत महाराजही सुटले होते, पण शेडच्या मागच्या दाराने. तिथे गोदाबाई पातेलं घेऊन उभी होती. पुढचं पोलिसांनी लिहून घेतलं आहे.

पोर वाचलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आणखी चाटवली असती तर सांगता आलं नसतं.

आठवड्याने एक गृहस्थ मोटारीतून आले आणि रुपालीला विचारू लागले, "ते महाराज सध्या कुठे बसतात?" सगळं कळूनही विचारत होते. ती नवी टाकी वाकवत होती. तिने मानही वर केली नाही.

तुमच्यासाठी म्हणून लिहितो. पुढचा महाराज टाकीवर नाही बसणार. तो तुमच्या बोअरवेलवर, कॉम्प्युटरवर, आजाऱ्याच्या खाटेवर बसेल. तेव्हा पाया पडायची इतकी घाई झाली असेल तर आधी एकच करा: तो जे दुसऱ्याला देतोय ते त्याला स्वतःला घ्यायला सांगा, आणि तो काय करतो ते उघड्या डोळ्यांनी बघा. एवढंही जमत नसेल, तर निदान लेकराच्या तोंडात घालू नका.